वयाची सवलत कोणाला?

अमेरिकेत ऐंशीच्या घरातलं कुणी गोरं माणूस कृष्णवर्णीयांबद्दल वाईटसाईट बोललं, की आजूबाजूचे लोक खुणेनंच सांगतात, सोडून द्या, जुनं माणूस आहे. इथे व्हर्जिनियात हे वारंवार घडताना पाहते. आमच्या शेजारच्या आजी अतिशय प्रेमळ आहेत. आम्ही नवीन होतो तेव्हा स्वतः केक करून घेऊन आल्या, बर्फ पडला की अजूनही मुलांची चौकशी करतात. त्याच आजी, गल्लीच्या टोकाचं घर एका कृष्णवर्णीय कुटुंबानं घेतलं तेव्हा म्हणाल्या, "बघ आता, ही वस्ती बिघडणार." त्यांचा मुलगा ओशाळला. नंतर मला म्हणाला, "आईचा काळच तसा होता."

तो काळ कसा होता, हे याच राज्यातल्या फार्मव्हिल गावात नीट कळतं. तिथली मोटन ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा. इमारत १८० मुलांसाठी बांधलेली आणि मुलं साडेचारशेच्या वर. उरलेली डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत बसत. एप्रिल १९५१ मध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीनं अख्खी शाळा संपावर नेली. तिथून उभा राहिलेला खटला पुढे 'ब्राउन'च्या प्रसिद्ध खटल्यात सामील झाला आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला.

यावर फार्मव्हिल ज्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत येतं, तिनं काय करावं? मुलांना एकत्र बसवायला नको म्हणून १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप ठोकलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, तिला सरकारी पैशाचा आधारही मिळाला. कृष्णवर्णीय मुलं घरी बसली. काहींना आईवडिलांनी परगावी नातेवाइकांकडे धाडलं, काही कायमची शेतात राबू लागली. न्यायालयाच्या आदेशानं १९६४ मध्ये शाळा उघडल्या, तोवर पाच वर्षं गेली होती.

शाळा बंद झाल्या तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज पंचाहत्तरी ओलांडलेली आजी आहे. मग वयाची सवलत एकाच आजीला का? जिची शाळा गेली तिच्या वयाचा विचार कुणी करत नाही. आणि सगळेच तेव्हा तसे होते, हेही खरं नाही. त्याच गावातल्या लाँगवुड कॉलेजचे गोरे डीन गॉर्डन मॉस शाळाबंदीविरुद्ध उघड बोलले, आपल्याच समाजाचा रोष त्यांनी पत्करला. काळ त्यांचाही तोच होता. बार्बराचा तर होताच.

मला जास्त टोचतं ते आपल्या मंडळींचं वागणं. मुलांकडे सहा महिने राहायला आलेले आईबाबा पंधरा दिवसांत 'त्या' वस्तीत घर घेऊ नका म्हणू लागतात, आणि शिकलीसवरलेली मुलं मुकाट ऐकून घेतात. भारतीयांना इथली दारं खऱ्या अर्थानं उघडली ती १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं, आणि त्या कायद्याला वाट करून दिली कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यानं. जोतीराव फुल्यांनी तर १८७३ मध्येच 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. तेव्हा फोन नव्हता, प्रवासही सोपा नव्हता, तरी त्यांना इथल्या गुलामांशी असलेलं नातं दिसलं.

शेजारच्या आजींच्या मुलाला मी फार्मव्हिलची हकिगत सांगितली. व्हर्जिनियात वाढूनही त्यानं ती धड ऐकलेली नव्हती.

मोटन शाळेचं आता संग्रहालय झालं आहे. वॉशिंग्टनहून गाडीनं साधारण तीन तास. आईबाबा आले की त्यांना नायगारा दाखवतो तसं एकदा इथेही घेऊन जा.