दुकान त्याचं, मर्जी त्याची?

माझी भाची अमेरिकेत डेन्व्हरला राहते. गेल्या उन्हाळ्यात महिनाभर तिच्याकडे होतो. एका रविवारी लेकवूड या उपनगरातून जाताना ती म्हणाली, "मामा, ते केकचं प्रकरण इथलंच बरं का!" आणि गाडीतच वादाला तोंड फुटले.

प्रकरण असे. जुलै २०१२ मध्ये दोन पुरुष आपल्या लग्नाच्या समारंभासाठी केक सांगायला येथील 'मास्टरपीस केकशॉप'मध्ये गेले. मालक जॅक फिलिप्स श्रद्धाळू ख्रिस्ती. वाढदिवसाचा केक देईन, बिस्किटे देईन, पण समलिंगी विवाहासाठी केक करणे माझ्या धर्मात बसत नाही, असे त्यांनी सांगितले. कोलोरॅडो राज्याच्या कायद्याप्रमाणे जनतेसाठी उघडलेल्या दुकानाला अशा कारणावरून गिऱ्हाईक नाकारता येत नाही. तक्रार झाली, राज्याच्या नागरी हक्क आयोगाने मालकाला दोषी ठरवले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

मी म्हणालो, "अगं, दुकान त्याचं, मर्जी त्याची. शहरात केकवाले काय कमी आहेत?"

भाची थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, आजोबांच्या हॉटेलातल्या कान तुटलेल्या कपांची गोष्ट आई अजून सांगते."

मी गप्प झालो.

आमच्या गावात एस.टी.च्या थांब्याजवळ अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, चहाचे हॉटेल होते. मागच्या बाजूला एका फळीवर तीन-चार कान तुटलेले कप पालथे घातलेले असत. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला माणूस आला की आपणच कप उचलायचा, आम्ही वरून चहा ओतायचो, आणि तो कप विसळून पुन्हा पालथा ठेवून जायचा. चहा तोच, साखर तेवढीच, पैसेही तेवढेच. अण्णा दुष्ट नव्हते. दारातून कोणाला उपाशी जाऊ दिले नाही. पण कपांचे विचारले तर म्हणत, "धर्म आहे तो, मी कोण मोडणार?" हॉटेलातली भांडी अशी वेगळी ठेवणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरवले होते. तो कायदा आमच्या थांब्यावर उतरायला फार वर्षे लागली.

जातीचा जाच आणि लेकवूडचा वाद यांचे इतिहास वेगळे आहेत, हे मला कळते. पण दारात उभ्या राहिलेल्या माणसाला धर्माच्या नावाने वेगळे काढणे, हे दोन्हीकडे आहे. अमेरिकेलाही ते नवे नाही. साउथ कॅरोलायनातील 'पिगी पार्क' या खाणावळींच्या मालकाने कृष्णवर्णीयांना आत बसवून वाढणे आपल्या धर्माविरुद्ध असल्याचे सांगितले होते. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव उघडउघड पोकळ म्हणून उडवून लावला.

मग धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला कशासाठी? त्याची जन्मकथा ऐकण्याजोगी आहे. ओरेगनमध्ये दोघांनी नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या विधीत पेयोटी ही वनस्पती सेवन केली. त्यांची नोकरी गेली आणि बेकारभत्ताही नाकारला गेला. १९९० मध्ये न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला. त्यावर देशभर नाराजी उसळली आणि १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यावर सही केली. सरकारच्या बडग्याखाली अल्पसंख्याकांची श्रद्धा चिरडू नये, हा हेतू. पुढे राज्यांनी आपापले कायदे केले आणि हीच ढाल दुकानदाराला गिऱ्हाइकाविरुद्ध वापरता येईल, अशी भीती निर्माण झाली. २०१५ मध्ये इंडियानाचे गव्हर्नर माइक पेन्स यांनी अशा कायद्यावर सही करताच मोठमोठ्या कंपन्यांपासून खेळाच्या संघटनांपर्यंत सर्वांनी इतका गदारोळ केला, की आठवड्याभरात दुरुस्ती करावी लागली: समलिंगी व्यक्तींना सेवा नाकारण्यासाठी या कायद्याचा आधार घेता येणार नाही.

लेकवूडच्या खटल्यात २०१८ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी केकवाला जिंकला. पण दुकानदाराला नाही म्हणण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले नाही. आयोगाने त्याच्या श्रद्धेविषयी तुच्छतेची भाषा वापरली, त्याला निःपक्षपाती सुनावणी मिळाली नाही, म्हणून तो जिंकला. ते योग्यच झाले. समोरच्याच्या देवाची टिंगल करून समतेचा न्याय देता येत नाही. मूळ प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. २०२३ मध्ये कोलोरॅडोतीलच वेबसाइट तयार करणाऱ्या एका महिलेच्या बाजूने सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला. तिच्या मनाविरुद्धचा मजकूर तिच्याकडून तयार करून घेता येणार नाही, हे त्याचे कारण.

रेघ कुठे ओढायची, याचे उत्तर मला ब्रिटनमध्ये सापडते. कॉर्नवॉलमधील एका निवासाच्या ख्रिस्ती मालकांनी समलिंगी जोडप्याला डबल बेडची खोली नाकारली. २०१३ मध्ये ते हरले. बेलफास्टच्या एका बेकरीने केकवर समलिंगी विवाहाच्या समर्थनाची घोषणा लिहायला नकार दिला. २०१८ मध्ये ती जिंकली. ती घोषणा कोणीही मागितली असती तरी बेकरीने नाहीच म्हटले असते, असे न्यायालयाने पाहिले. तिचा आक्षेप शब्दांना होता, माणसाला नव्हता.

मला ही कसोटी पटते. कारागिराच्या हातून त्याच्या मनाविरुद्धचे शब्द लिहून घेऊ नयेत. पण जो केक पहिल्या गिऱ्हाइकाला मिळतो, तोच दुसऱ्याला केवळ तो कोण आहे म्हणून मिळत नसेल, तर नाकारला जातो तो माणूसच. रस्त्याकडे तोंड करून दुकान उघडले, की रस्त्यावरचे सगळेच आपले गिऱ्हाईक. 'दुसरीकडे जा' हे सांगणाऱ्याला सोपे असते. ऐकणाऱ्याला ते शब्द घरी घेऊन जावे लागतात.

परतीच्या वाटेवर मी भाचीला एक गोष्ट सांगितली, जी तिच्या आईलाही ठाऊक नसावी. सुट्टीत गल्ल्यावर मी बसायचो, तेव्हा त्या कपांत चहा मीच ओतायचो. वस्तीतला एक म्हातारा रोज यायचा. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. कप विसळून तो इतक्या हलक्या हाताने पालथा ठेवायचा, की आवाज होऊ नये. दुकान आमचे होते, मर्जीही आमचीच होती. आणि त्याने एकदाही तक्रार केली नाही, याचाच आम्ही सोयीस्कर अर्थ लावला.