दोघे कवी, एक संसार

नामदेव ढसाळांचे नाव निघाले की आपल्या हिंगोलीच्या वस्तीतही मान ताठ होते. १९७२ साली 'गोलपिठा' आला, त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. त्यांच्या पत्नी मल्लिका याही कवयित्री, शाहीर अमर शेख यांची कन्या. लग्न प्रेमाचे. पण १९८४ साली 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मकथनात मल्लिकाताईंनी दारू, मारहाण आणि संसाराची परवड उघडपणे लिहिली.

'घरचे भांडण चव्हाट्यावर कशाला? लोक चळवळीला हसतील,' असे आपलेच कार्यकर्ते म्हणतात. शेजारची बाई रडत आली तेव्हा मीही तिला हेच सांगून परत पाठवले होते. आज लाज वाटते.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते, की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, बरोबरीने राहावे, गुलाम होऊ नये.

नामदेव २०१४ साली गेले. त्यांची कविता मोठीच आहे. म्हणून मल्लिकाताईंचे दुःख लहान होत नाही. बांधवांनो, सभा आटोपून रात्री घरी गेल्यावर दार उघडणारीचा चेहरा एकदा नीट पाहा.

जयभीम!