शकुंतलेला ‘ब्रिटिशांची गाडी’ म्हणणं बंद करा

दर पंधरा ऑगस्टला मला तेच रील येतं : ‘भारतात आजही ब्रिटिशांच्या मालकीची रेल्वे!’ खाली संतापाचे इमोजी. गाडी आमच्या वऱ्हाडातली. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, सुमारे 189 किलोमीटर, अडीच फुटी नॅरोगेज. शकुंतला.

रीलमधला ‘आजही’ हा शब्द बघा. गाडी बंद आहे. अचलपूर स्टेशनवर मी गेलो तेव्हा रुळांत गवत होतं आणि फलाटावर बकऱ्या.

मालकीचा इतिहास खरा आहे, पण अर्धा. ही लाइन विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात किलिक निक्सन या मुंबईतल्या ब्रिटिश फर्मने उभी केली, कापसासाठी. गाठी मूर्तिजापूरला मोठ्या लाइनवर चढायच्या, मुंबई बंदरातून मँचेस्टरला जायच्या. इंजिनही मँचेस्टरचंच : 1921चं, इथं 1923 ते 1994 धावलेलं. पण स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सन भारतीय मालकांकडे गेली. करार जुना राहिला, गाड्या मात्र मध्य रेल्वेच चालवायची.

म्हणजे गाडी बंद पडली ती आपल्या राज्यात, आपल्या डोळ्यांदेखत. लंडनला शिव्या घातल्या की हा प्रश्न कुणाला विचारावाच लागत नाही. म्हणून मला त्या रीलचा राग येतो.

माझी आजी अंजनगावहून मूर्तिजापूरला याच गाडीनं जायची. सोबत पानांची टोपली. लहान स्टेशनावर गार्डच उतरून तिकिटं द्यायचा. एसटीच्या मानानं तिकीट नगण्य. गाडी बंद झाल्यावर ती एवढंच म्हणाली, “आता टोपलीचेबी पैसे लागन, बाप्पा.”

कुणी म्हणेल, 76 किलोमीटरला चार तास घेणारी गाडी हवी कशाला? हळू होती, मान्य. मग रूळ रुंद करा. मागणी तीच आहे, जुनी आहे. वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेजचं काम चालू आहे, वर्धा ते कळंब गाडी 2024मध्ये सुरूही झाली. चांगलंच झालं. पण ती लाइन कारंजा, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूरला शिवत नाही. मेळघाटाच्या पायथ्याच्या माणसाला तिचा काय उपयोग?

‘हेरिटेज’वाल्यांनाही हात जोडून सांगतो : स्टेशनचं कॅफे करू नका. इंजिन रंगवून चौकात उभं केलं की सेल्फी निघतात, टोपली मूर्तिजापूरला पोचत नाही.

पुढच्या पंधरा ऑगस्टला ते रील आलं, तर फॉरवर्ड करण्याआधी पाठवणाऱ्याला एक विचारा : अंजनगावहून मूर्तिजापूरला आज जायला किती पैसे पडतात? त्याला माहीत नसेल. आमच्या आमदार-खासदारांना तरी माहीत असावं, म्हणून तोच प्रश्न त्यांनाही टॅग करा.