अर्थशास्त्राची पदवी आणि आपली मुले: रस्ता अकरावीतच का अडतो?

दर १४ एप्रिलला व्यासपीठावरून बाबासाहेबांच्या पदव्या वाचून दाखवल्या जातात. कोलंबियाची एम.ए. १९१५ची, लंडनची एम.एस्सी. १९२१ची, डी.एस्सी. १९२३ची, कोलंबियाची पीएच.डी. १९२७ची. टाळ्या होतात. पण या चारही पदव्या अर्थशास्त्राच्या आहेत, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांच्या लक्षात येते? बाबासाहेब बॅरिस्टर आणि घटनाकार म्हणून घराघरात पोहोचले. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारे, सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे, १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे चलनावर साक्ष देणारे बाबासाहेब मात्र भाषणातल्या एका वाक्यापुरतेच उरले. ते वाक्यही ठरलेले असते: रिझर्व्ह बँक त्यांच्याच ग्रंथावर उभी राहिली. हे जसेच्या तसे कितपत खरे, हा अभ्यासाचा प्रश्न आहे. पण तो अभ्यास करायला ग्रंथ उघडावा लागतो आणि ग्रंथ समजायला अर्थशास्त्र यावे लागते.

आता कोणी म्हणेल, आपली मुले अर्थशास्त्र घेतातच की. खरे आहे. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला इतिहास, राज्यशास्त्र, मराठी यांच्याबरोबर अर्थशास्त्र घेणारी आपली मुले-मुली कमी नाहीत. अडचण अशी की महाराष्ट्रात अर्थशास्त्राच्या पदव्या दोन आहेत आणि दोघींचे नाव एकच आहे. एका पदवीत मागणी-पुरवठा, पंचवार्षिक योजना, बँकांचे राष्ट्रीयीकरण यांवर टिपा लिहून पास होता येते. दुसरीत कलन, संभाव्यता, संख्याशास्त्र आणि संगणकावर आकडेवारी हाताळणे असते. नोकरीच्या बाजारात दाम दुसरीला आहे. आपली बहुसंख्य मुले पहिलीत आहेत.

ही फाटाफूट पदवीला होत नाही, अकरावीत होते. दहावीनंतर ‘आर्ट्स घेतले, सुटलो गणितातून’ असे म्हणणारा मुलगा एक दार स्वतःच्या हाताने बंद करतो आणि त्याला ते सांगायला कोणी नसते. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला प्रवेश हवा असेल तर सीयूईटीमध्ये गणिताचा पेपर द्यावाच लागतो. बारावीला गणित नसले की तो रस्ता तिथेच संपतो. गंमत म्हणजे आपल्या मंडळाच्या पाठ्यपुस्तकाचे नावच ‘गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)’ असे आहे. म्हणजे कला शाखेतही गणित घेता येते. पण कला शाखेला गणित शिकवणारे कनिष्ठ महाविद्यालय शोधायला गेलात तर ग्रामीण भागात चपला झिजतील. मग मुलाने विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतून गणित घेऊन अर्थशास्त्राकडे यावे, हा व्यवहारी मार्ग उरतो. तो पालकांना माहीत नसतो. अनेकदा शिक्षकांनाही नसतो.

पुढच्या नोकऱ्यांचे गणितही नीट समजून घ्यायला हवे, कारण करिअर शिबिरांत बरेच काही अर्धवट सांगितले जाते. भारतीय आर्थिक सेवा, म्हणजे यूपीएससीची आयईएस, ही बी.ए.वर मिळत नाही. तिला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. जागाही आटत चालल्या आहेत. २०२५च्या जाहिरातीत आयईएसच्या १२ जागा होत्या. त्याचे पंधरा टक्के काढून पाहा, दोन जागाही पूर्ण भरत नाहीत. त्याच जाहिरातीत भारतीय सांख्यिकी सेवेच्या जागा ३५ होत्या आणि तिला संख्याशास्त्र हा विषय असलेली साधी पदवी चालते. एसएससीतून भरले जाणारे कनिष्ठ सांख्यिकी अधिकाऱ्याचे पद घ्या किंवा राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयातली पदे घ्या, तिथेही अर्थशास्त्राच्या जोडीला संख्याशास्त्र असलेला उमेदवार पुढे राहतो. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय निवडता येतो. तिथे संख्याशास्त्र घ्या, मग ते कितीही जड वाटो. मैत्रीण घेते म्हणून समाजशास्त्र घेण्याचे हे दिवस नाहीत. (समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी राग मानू नये.)

रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी अधिकारी परीक्षा कोणत्याही पदवीधराला देता येते. पदवीला साठ टक्के लागतात, अनुसूचित जातींसाठी पन्नास. वयातही पाच वर्षांची सवलत आहे. मुख्य परीक्षेत आर्थिक व सामाजिक प्रश्नांवर स्वतंत्र पेपर असतो, त्यामुळे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला इथे आघाडी मिळते. त्याच बँकेच्या आर्थिक संशोधन विभागात जायचे तर मात्र पुन्हा एम.ए. लागते. एम.ए. कुठून करायचे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. पुण्याची गोखले संस्था, मुंबईत गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, कलिनातील मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्राचा विभाग, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही नावे दुसऱ्या वर्षाला असतानाच कानावर पडली पाहिजेत. तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर विचारपूस सुरू केली, तर प्रवेश परीक्षेच्या तारखा उलटून गेलेल्या असतात.

खासगी क्षेत्रात बँका, विमा, पतमानांकन संस्था, आकडेवारी विश्लेषण करणाऱ्या कंपन्या अशा संधी आहेत. तिथे आरक्षण नाही, आणि आडनावाची किंमतही मोजावी लागते. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी कंपन्यांकडे पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोनतृतीयांशच निघाली. आपण हे अनुभवाने आधीपासून जाणत होतो. थोरातांनी ते मोजून दाखवले, म्हणून त्याला उत्तर देणे व्यवस्थेला भाग पडले. हेच थोरात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. नरेंद्र जाधव रिझर्व्ह बँकेत मुख्य अर्थतज्ज्ञ होते, भालचंद्र मुणगेकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, आणि दोघेही नियोजन आयोगाचे सदस्य झाले. ही एका पिढीची नावे. पुढच्या पिढीतली अशी तीन नावे पटकन सांगायला गेलो की मी स्वतः अडखळतो.

ही उणीव केवळ नोकरीपुरती नाही. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये वळवल्याची बातमी आली. खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी दाखवली. आपण निवेदने दिली, मोर्चे काढले, ते योग्यच होते. पण तो निधी कोणत्या लेखाशीर्षातून गेला, आधीच्या वर्षी त्याच शीर्षाखाली किती तरतूद होती आणि किती खर्च झाला, हे कागदावर मांडून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवणारे कार्यकर्ते किती निघाले? आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने अनुसूचित जाती उपयोजनेसाठी २०१३ मध्येच कायदा केला. महाराष्ट्रात कायद्याची मागणी जुनी आहे, पण ती रेटायची तर आकड्यांची लढाई लढणारी माणसे लागतील. अर्थसंकल्पाची पुस्तके सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ती वाचणारे एखाद्या तालुक्यात दोन जण असले, तरी तिथला कार्यालयप्रमुख उत्तर देताना जपून बोलतो.

परदेशी शिक्षणाबाबतही सावध राहायला हवे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे, पण जागा फक्त ७५. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२च्या नियमांत भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतावरील सामाजिक संशोधनाचे विषय वगळले गेले. प्राचीन भारतातील व्यापारावर कोलंबियात प्रबंध लिहिणारा विद्यार्थी आज अर्ज घेऊन गेला, तर त्याला काय उत्तर मिळेल याचा विचार करून पाहा.

तूर्त विहारांतल्या अभ्यासिका चालवणाऱ्यांना एकच विनंती. २०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत आणि अर्ज बहुधा नेट कॅफेवाला भरतो, त्याला जे सोपे वाटेल ते. दहावीचा निकाल लागला की त्या आठवड्यात संध्याकाळी दोन तास बसा, प्रत्येक मुलाचा अर्ज समोर ठेवून भरा, आणि शाखा कोणतीही असो, गणित सुटत नाही ना, एवढे पाहा. केंद्राच्या नमुन्यातील जातीचे प्रमाणपत्रही त्याच वेळी काढायला सांगा. यूपीएससी आणि रिझर्व्ह बँकेच्या अर्जाला तेच लागते, आणि ऐनवेळी तहसील कार्यालयात ते मिळत नाही.