शनिवारी घाणा बंद

अश्शूरच्या राजाने शोमरोन जिंकून इस्राएल लोकांना देशोधडीला लावल्याची हकीकत जुन्या करारात आपण वाचतो. ही घटना ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमाराची. त्या हद्दपार वंशांचे पुढे काय झाले, या प्रश्नाने पुष्कळांना पछाडले आहे. अफगाणिस्तानातील पठाणांपासून मणिपूर-मिझोरममधील बेने मनश्शेपर्यंत अनेकांचा संबंध त्यांच्याशी जोडला जातो. ही सारी विधाने सारख्या वजनाची नाहीत. परंतु मराठी बोलत वाढलेल्या एका समाजाची हकीकत वाचकांच्या कानी घालावी, असे आम्हांस वाटते.

हा समाज म्हणजे कोकणातील बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. धर्मग्रंथ समुद्राने गिळले. मग उरले काय? आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नेम, देव एकच आहे अशी कबुली देणारी 'शमा' ही प्रार्थना, आणि शनिवारचा विसावा. ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. आडनावे मात्र गावांची : दिवेआगरचे दिवेकर, पेणचे पेणकर.

त्यांच्यातील इतिहासकार हैम सॅम्युएल केहीमकर यांनी हे आगमन ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमाराचे, म्हणजे मक्काबींच्या ग्रंथांतील अंतियोख राजाच्या छळाच्या काळातले मानले. मक्काबींच्या विजयाचा हनुक्का हा सण कोकणात पूर्वी ठाऊक नव्हता, हे या मताच्या बाजूने सांगतात. मुद्दा मार्मिक खरा. पण न पाळलेल्या सणावरून शतक ठरविणे आम्हांस धाडसाचे वाटते.

१७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि हजारो कुटुंबे तिकडे गेली. तेथे निराळेच संकट उभे राहिले. विवाह लावण्यापूर्वी यांची आई, आजी, पणजी अशी जमेल तितकी मागची वंशावळ तपासावी, असा आदेश तेथील मुख्य धर्मपीठाने १९६२ साली काढला. ज्यांचे ग्रंथच समुद्रात बुडाले, त्यांनी पणजीचा दाखला आणावा कोठून? पिढ्यान्‌पिढ्या बंद राहिलेला घाणा पुरावा म्हणून पुढे करावा काय? १९६४ साली या लोकांनी यरुशलेमेत धरणे धरले. संसदेत चर्चा झाली, आणि आदेशातून त्यांच्या समाजाचे नाव वगळण्यात आले.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. याच समाजात 'गोरे' व 'काळे' असे दोन भेद होते. ज्यांच्या घराण्यात बाहेरची स्त्री आली ते काळे, आणि गोरे त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. वंशशुद्धीचा जो तराजू पुढे त्यांच्यापुढे धरला गेला, तो त्यांच्या घरातही टांगलेला होता!

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनात या लोकांच्या रक्तात पश्चिम आशियातील यहुदी व भारतीय असे दोन्ही वंश मिसळलेले आढळले.

एलिया संदेष्ट्याचा रथ अलिबाग तालुक्यातील खंडाळे येथे टेकला होता, अशी त्यांची श्रद्धा आहे. तेथील खडकावरच्या खुणा ते रथाच्या मानतात. इस्राएलमध्ये स्थायिक झालेली कुटुंबेही नवस फेडावयास तेथे येतात आणि पोहे, नारळ, साखर व फळे यांचा मलिदा एलियाच्या नावाने वाटतात.