जत्रेतले काय राखावे, काय मोडीत काढावे?

चैत्र लागला की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील गावोगावच्या जत्रांना प्रारंभ होतो. ग्रामदैवताची पालखी, छबिना, कुस्त्यांचा हगामा, रात्री तमाशा आणि मैदानाच्या कडेला पाळणे असा हा दोन-तीन दिवसांचा सोहळा असतो. शहरी वाचकाला मनोरंजन उद्यान म्हटले की १९८९ साली गोराईत सुरू झालेले एस्सेल वर्ल्ड किंवा २०१३ साली खोपोलीजवळ उभे राहिलेले इमॅजिका आठवते. परंतु ग्रामीण महाराष्ट्राचे मनोरंजन उद्यान म्हणजे जत्राच. फरक एवढाच, की ती तंबूसह या गावाहून त्या गावाला जाते. या फिरत्या उद्यानातील अनेक आकर्षणे आता जुनी झाली आहेत. त्यांपैकी कोणती जपावीत आणि कोणती निवृत्त करावीत, हा निर्णय गावोगावच्या यात्रा कमिट्या दरवर्षी वर्गणीचा हिशेब मांडताना घेतच असतात. तो निव्वळ भावनेवर किंवा निव्वळ पैशांवर होऊ नये, यासाठी काही कसोट्या हव्यात.

पुण्याच्या पेशवे पार्कचे उदाहरण येथे उपयोगी पडते. १९५६ साली तेथे सुरू झालेली फुलराणी ही छोटी रेल्वे अनेक पिढ्यांच्या बालपणाचा भाग बनली. त्याच बागेतील प्राणिसंग्रहालय मात्र पुढे कात्रजला हलविण्यात आले. शहराच्या मध्यवस्तीत अपुऱ्या जागेत प्राणी कोंडणे योग्य नव्हते, हे पुणेकरांनी मान्य केले. प्राणी गेले, फुलराणी राहिली आणि बागेचे काही बिघडले नाही. जुने म्हणून सारेच पूज्य नसते आणि सारेच टाकाऊही नसते. त्या आकर्षणापायी कोणाचा जीव किंवा छळ पणाला लागतो काय, त्याच्यामागे एखादी विद्या किंवा कला आहे काय, आणि ते गेल्यास त्याची जागा दुसरे काही घेऊ शकते काय, हे तीन प्रश्न विचारले की बरेचसे धुके निवळते.

प्रथम आकाशपाळण्याचा विचार करू. पाळणा हवा, यात दुमत नाही. पण जुना सांगाडा हवा काय? हे यंत्र दर आठवड्याला सुटे होते, ट्रकवर चढते आणि नव्या गावात पुन्हा जोडले जाते. प्रत्येक जोडणीत नटबोल्ट झिजतात आणि वेल्डिंगवर ताण येतो. २०१९ च्या जुलैत अहमदाबादच्या कांकरिया येथे झोका तुटून दोघांचा बळी गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात उंच पाळणा माणसांसह खाली आदळला. मे २०२४ मधील राजकोटच्या गेमिंग झोनच्या आगीत २७ जण दगावले. कांकरिया आणि राजकोट येथे तर कायमस्वरूपी जागेवरील व्यवस्थाच कोसळली; मग रातोरात उभ्या राहणाऱ्या पाळण्याची तपासणी किती काटेकोर असायला हवी, याचा विचार व्हावा. जुन्या यंत्राबद्दल हळवे होण्याचे येथे कारण नाही. 'मौत का कुआ'चेही तेच. लाकडी भिंतीवर मोटारसायकल चढविणाऱ्याचे कौशल्य वादातीत आहे, परंतु प्रेक्षकांच्या रोमांचासाठी एखाद्याने रोज अनेकदा विनासंरक्षण जीव टांगावा, ही परंपरा म्हणून जपण्याची गोष्ट नव्हे.

तंबूतल्या सिनेमाचा प्रश्न काळानेच सोडविला. मोबाइलच्या पडद्यापुढे फिरत्या टॉकीजचा टिकाव लागणे अशक्य होते. २०१६ साली कान महोत्सवात गौरविल्या गेलेल्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटाने महाराष्ट्रातील या टॉकीजच्या अखेरच्या काळाची नोंद केली आहे. येथे धंदा वाचविण्याचा अट्टहास नको; एखादा प्रोजेक्टर आणि तंबू जिल्ह्याच्या संग्रहालयात नीट जतन झाला, तरी पुरे.

बैलगाडा शर्यतीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. म्हणजे शर्यत आता कायदेशीर आहे. परंतु तिची वैधता बैलाला वेदना न देण्याच्या अटीवर उभी आहे. काठी, चाबूक वा विजेचा झटका यांना थारा नाही, हे घाटावर प्रत्यक्ष दिसले पाहिजे. खिलार वाण शर्यतीमुळे टिकला, असे समर्थक सांगतात. त्यांना हा युक्तिवाद खरा करून दाखवायचा असेल, तर लाखोंच्या बक्षिसांपेक्षा बैलाच्या निगेची चर्चा अधिक व्हायला हवी.

खरी चिंता तमाशाची आहे. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई ही लोककलेची भूमी. फडांसाठी वग आणि लावण्या लिहिणारे बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. राज्य शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. २०२१ साली ते निवर्तले. दौंड तालुक्यातील चौफुला संगीतबारीसाठी ओळखला जातो. तमाशाच्या फडामागे ढोलकीवाला, सोंगाड्या, वगनाट्य, गण-गवळण असे पिढ्यान्‌पिढ्यांचे शिक्षण उभे आहे. पाळणा मोडला तर दुसरा विकत आणता येतो; फड मोडला तर तो बाजारात मिळत नाही. २०२० आणि २०२१ हे सलग दोन हंगाम कोरोनाने बुडविले आणि फडमालक कर्जात रुतले. त्यात तमाशाऐवजी ऑर्केस्ट्रा ठरविण्याकडे कमिट्यांचा कल वाढतो आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे प्रेक्षकही बदलला, हे मान्य. तथापि, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम पाळून संध्याकाळी लवकर वग उभा करणे, महिलांसाठी स्वतंत्र व सुरक्षित बैठक ठेवणे आणि सुपारीची रक्कम वेळेत देणे, एवढे तरी गावांच्या हाती आहे.

मोराची चिंचोली या शिरूर तालुक्यातील गावाकडेही याच दृष्टीने पाहायला हवे. चिंचेची झाडे आणि त्यांच्या आसऱ्याला असणारे मोर हेच तेथील आकर्षण. कृषी पर्यटन वाढले की जलतरण तलाव, कृत्रिम धबधबे आणि कर्णे यांचा मोह पडतो. या साऱ्या गोष्टी पुणे परिसरात कोठेही मिळतात. मोर मिळत नाहीत. झाडे आणि शांतता गेली, तर पर्यटकाला तेथे जाण्याचे कारणच उरणार नाही.

सारांश, यंत्रे बदलावीत, माणसांची विद्या जपावी आणि मुक्या जिवांच्या बाबतीत कायद्याच्या अक्षराइतकाच त्याचा हेतूही पाळावा. जिल्हा परिषदेने आणि तालुका प्रशासनाने पाळण्यांच्या तपासणीची जबाबदारी कोणाची, हे परवानगी देतानाच लेखी निश्चित करावे. यात्रा कमिट्यांनी वर्गणीतील ठरावीक हिस्सा तमाशा आणि कुस्तीसाठी राखावा. पुढच्या चैत्राच्या बैठका होतील, तेव्हा हे दोन ठराव झाले तरी जत्रेचे पुष्कळसे संचित वाचेल.