विश्लेषण : ग्लॅस्टनबरीचं तिकीट आधी, व्हिसा नंतर, भारतीय प्रेक्षकांची अडचण काय?

इंग्लंडमधल्या सॉमरसेट काउंटीत वर्दी फार्मवर भरणारा ग्लॅस्टनबरी महोत्सव २०२६ मध्ये होणार नाही. शेतजमिनीला विश्रांती म्हणून आयोजक दर काही वर्षांनी असा खंड घेतात. २०२७ साठी भारतातून जाऊ इच्छिणाऱ्यांना तयारीला वेळ मिळाला आहे. मात्र खरी अडचण तारखांची आहे.

गेल्या वेळचंच उदाहरण घ्या. २०२५ चा महोत्सव २५ ते २९ जूनदरम्यान झाला. ३७३.५० पौंडांची तिकिटं (वर ५ पौंड बुकिंग शुल्क) आदल्या नोव्हेंबरातच, तासाभराच्या आत संपली. तेव्हा ७५ पौंड आगाऊ भरायचे होते, उरलेले एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज मात्र प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे मार्चअखेर अर्ज केला, तरी तिकिटाचे सुमारे तीनशे पौंड व्हिसा हाती येण्याआधीच भरावे लागणार.

अर्ज फेटाळला गेला तर व्हिसा शुल्क परत मिळत नाही. तिकिटावर खरेदीदाराचा फोटो असल्याने ते मित्राला देऊन मोकळंही होता येत नाही! काळ्या बाजाराला आळा घालणारा हा नियम इथे प्रामाणिक ग्राहकालाच अडकवतो. त्यामुळे तिकीट परत करण्याची शेवटची तारीख खरेदीपूर्वीच पाहावी आणि विमानाचं बुकिंग रद्द करता येण्याजोगं असावं. फोटोसह नावनोंदणी विनामूल्य आहे, पण ती विक्री सुरू होण्याआधीच करावी लागते.